नाथा तांडेल यांच्या अर्जावर नाथा तांडेल यांची हरकत

नाथा तांडेलने पालिकेला पहिला अर्ज लिहिला तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता, आणि अर्जात त्याने ‘गावातील म्हाताऱ्या माणसांसाठी’ असं लिहिलं होतं. आता तो बहात्तरचा होता आणि अर्जात ‘आम्हा म्हाताऱ्या माणसांसाठी’ असं लिहीत होता. एवढा फरक सोडला तर अकरा वर्षांत अर्जात विशेष काही बदललं नव्हतं. तारोडीत ज्येष्ठ नागरिक निवास आणि समाजकेंद्र व्हावं, बारा खोल्या असाव्यात, पुढे सगळ्यांना बसायला हॉल असावा, आठवड्यातून दोनदा डॉक्टर यावा. टीव्ही सहाव्या अर्जात आला. आठव्या अर्जात तो काढून टाकावा लागला, कारण टीव्हीवर काय लावायचं यावरून ज्येष्ठ नागरिक संघाचे दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि केंद्र तर अजून कागदावरच होतं.

नाथा संघाचा अध्यक्ष होता. निवडणूक कधी झाली नव्हती. अर्ज लिहिणारा तोच, म्हणून अध्यक्षही तोच.

यंदा मात्र अर्जाला घाई होती, आणि त्याचं कारण धर्मा भोईर.

नाथा आणि धर्मा चौतीस वर्षं एकाच होडीवर होते. नाथा सुकाणूवर, धर्मा जाळ्यावर. समुद्रात दोघांचं कधी पटलं नाही आणि जमिनीवर एकमेकांवाचून कधी चाललं नाही. धर्माची बायको शांताबाई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा अल्पेश मीरा रोडला चौदाव्या मजल्यावर राहायचा. धर्मा गावात एकटा. दिवाळीत तो घरात पडला आणि सहा तास कुणाला कळलं नाही. कमरेत खिळा घातला, काठी आली, आणि अल्पेश म्हणाला, बाबांना मी नेतो.

धर्मा याआधी एकदा मुलाकडे चार दिवस राहून आला होता. “समुद्र दिसतो की रे तिथून,” नाथा म्हणाला होता. “दिसतो,” धर्मा म्हणाला. “नखाएवढा. समुद्र काय बगायची वस्तू हाय?”

नाथाने त्याला सांगून पाहिलं, माझ्या घरी राहा. धर्माने चटकन नकार दिला. “तुझ्या घरात जेवलो तर तुझ्याशी भांडू कसा? मना ते परवडणार न्हाय.”

अल्पेश वाईट मुलगा नव्हता. तो नाथाच्या ओटीवर बसून म्हणाला, “काका, मी काय हौसेनं नेतोय का? तिकडे आम्ही दोघं नोकरीला, बाबा दिवसभर कुलपाच्या आत. पण इथे परत पडले तर? तुमच्या केंद्राचं मंजूर झालं तर मी बांधून होईपर्यंत एक बाई ठेवतो त्यांच्याकडे. वर्ष, दीड वर्ष. पण नुसत्या अर्जावर किती दिवस ठेवू?”

“शिमग्यापर्यंत थांब,” नाथा म्हणाला. “मंजुरी आणतो.”

“शिमग्यापर्यंत,” अल्पेश म्हणाला. “दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतो.”

आणि अकरा वर्षांत जे झालं नव्हतं ते जानेवारीत झालं. पालिकेचं पत्र आलं. येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता अधिकारी तारोडी येथे प्रस्तावित भूखंडाच्या स्थळ पाहणीसाठी येत आहेत, अध्यक्षांनी हजर राहावे.

भूखंड कोणता ते पत्रात लिहिलं नव्हतं. नाथाच्या मनात शाळेमागची जागा होती, जिथे शेळ्या चरायच्या. दुसरी जागा गावात होतीच कुठे?

संघाची सभा भरली. सगळ्यांना तीन वर्षांपूर्वीचा साहेब आठवत होता. तो ऐन बोंबलाच्या दिवसांत आला. जीपमधून एक पाय खाली ठेवला, नाकाला रुमाल लावला, गावाकडे पाहिलं आणि पाय पुन्हा आत घेतला. त्याच्या अहवालात ‘पाहणी केली’ एवढंच होतं, आणि ती फाइल तीन वर्षं हलली नाही.

“ह्या वेळेला वास येता कामा नये,” नाथा म्हणाला.

वास यायचा तो खळ्यावरून. गावात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला ते मोकळं मैदान. तिथे बांबूच्या वलांडी उभ्या करून, दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत घालायचे, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा. चाळीस बायका तिथे सकाळपासून असायच्या. नाथाची बायको शेवंती त्यांच्यात मोठी. तिचं वय अडुसष्ट, आणि तिथे तिच्या शब्दाबाहेर कावळाही जात नसे.

नाथाने तिला भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, “पाव्हना येणार तर घर आवरायला नको? दोन दिवस न्हाय वाळत घातले तर काय बोंबील रडणार हायेत?”

मंगळवारी बायकांनी खळं आवरलं. वलांडी सोडून बांबू नाथाच्या घरामागे रचले. दोऱ्यांची वेटोळी करून टोपल्यांत भरली. जमीन तीन पाण्यांनी धुतली, वर शेणाने सारवली. बुधवारी पहाटे सुलूने, म्हणजे शेवंतीच्या शेजारी वाळत घालणाऱ्या बाईने, चारी कोपऱ्यांत रांगोळी काढली. पाहुण्याला बसवायला गावात तेवढीच सपाट जागा, म्हणून तिथेच कापडी मांडव घातला, आठ खुर्च्या मांडल्या, टेबलावर चादर घातली.

साहेब तरुण निघाला. नाव यतीन, मूळचा चिपळूणचा. मांडवात बसला, शहाळं प्यायला, पोहे खाल्ले, आणि उठून मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले. नाथाला वाटलं, रांगोळी आवडली.

“जागा कुणाची ही?” यतीनने विचारलं.

“सरकारची,” सगळे एकदम म्हणाले. ते खरंच होतं.

“आणि इथे काय असतं?”

“आज काय न्हाय, साहेब,” सुलू म्हणाली. “तुमी येणार म्हून.”

यतीनने ते लिहून घेतलं. मग पंचनामा वाचून दाखवला. “सदर भूखंड सपाट, स्वच्छ व पूर्णतः रिकामा असून त्यावर कोणताही वापर आढळून आला नाही.” मंडळींनी माना डोलावल्या. दोन दिवस कंबर मोडून बायकांनी जे केलं होतं त्याची सरकारी भाषेत कोणीतरी दखल घेतली होती. नाथाने अध्यक्ष म्हणून सही केली.

“मग साहेब, जागा बघायला कधी निघायचं?” त्याने विचारलं.

“बघितली की काका,” यतीन म्हणाला. “छान आहे.”

नाथाला वाटलं, येताना गाडीतूनच त्याने शाळेमागचं बघून घेतलं असेल. हुशार माणसाला फार बघावं लागत नाही.

जीप गेली. दुपारी वलांडी पुन्हा उभ्या राहिल्या.

महिन्याभराने पेपरात जाहीर सूचना आली. तारोडीतील भूखंडावर ज्येष्ठ नागरिक निवास व समाजकेंद्र बांधण्याचे प्रस्तावित असून, कोणाची हरकत वा सूचना असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. नाथाने पेपराच्या चार प्रती घेतल्या. एक धर्माला नेऊन दिली. धर्माने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, “मना कोपऱ्यातली खोली पायजे. दोन बाजूनं वारा.” अकरा वर्षांत नाथाने त्याच्या तोंडून ऐकलेली ती पहिली मागणी होती.

दुसरी प्रत घेऊन तो खळ्यावर गेला. बायका जवळा पालवत, म्हणजे खालीवर करत होत्या. त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सर्व्हे नंबर आला तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण गावात जमीन नंबराने कोणी ओळखत नाही. मग चतुःसीमा आल्या.

“पूर्वेस रस्ता,” नाथाने वाचलं.

सुलूने पूर्वेला पाहिलं. रस्ता होता.

“पश्चिमेस सार्वजनिक विहीर.”

चार-पाच बायकांनी मान वळवली. विहीर होती.

“उत्तरेस जुना क्रूस.”

आता सगळ्याच वळल्या. क्रूस जिथल्या तिथे होता, आणि त्याच्या चौथऱ्यावर एक मांजर बोंबलावर डोळा ठेवून बसलं होतं.

“दक्षिणेस...” नाथा थांबला. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं तीच होती. “दक्षिणेस श्री. नाथा तांडेल यांचे राहते घर.”

घर त्याच्या पाठीमागेच होतं.

“म्हंजे आमी बसलोय तेच,” सुलू म्हणाली.

शेवंती जवळ्यातून हात फिरवतच होती. “बांदा की,” ती म्हणाली. “चांगलंच हाय. फक्त बोंबील कुठं वाळत घालायचे ते बी त्यात लिवलंय का बगा.”

नाथाने शेवटपर्यंत वाचलं. ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात जाऊन यतीनला भेटला. शाळेमागची जागा नाही का चालणार, त्याने विचारलं. यतीनने भिंतीवरच्या नकाशात एक लाल रेघ दाखवली. त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला बांधकाम करता येत नाही. शाळा, शेळ्या आणि सगळं गाव त्या बाजूला होतं. अलीकडे सरकारची एकच जागा होती. “आणि ती पण रिकामी, काका,” यतीन म्हणाला. “तुमचं नशीब.”

नाथाने घरी येऊन हे सांगितलं. शेवंतीने भांडण केलं नाही. ती म्हणाली, जागा जाणार आहे तर दुसरी आतापासून बघून ठेवायला हवी. तिने पहिल्या दिवशी घराच्या पत्र्यावर बोंबील घातले. कावळ्यांनी अर्धे नेले. दुसऱ्या दिवशी गल्लीत दोरी बांधली. एका मोटरसायकलवाल्याने ती गळ्यात घेतली आणि बोंबलांसकट उत्तनपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी ती घरात शिरली. माजघरात तीन दोऱ्या, ओटीवर दोन, आणि नाथाच्या पलंगावर आडवी एक. नाथा पाठीवर झोपला की एक बोंबील बरोबर त्याच्या कपाळावर यायचा.

“हा जरा सरकव ना,” तो म्हणाला.

“सरकवते,” शेवंती म्हणाली. “पण मग तिकडचा तुमच्या नाकावर येतो. मी मोजून बगितलंय.”

ती टोमणा मारत नव्हती, हेच वाईट होतं. ती खरोखरच जागा शोधत होती. चाळीस घरांत चाळीस बायका तेच करत होत्या. संध्याकाळी त्या विहिरीवर भेटायच्या आणि कुणाकडे किती मावले ते एकमेकींना सांगायच्या. सुलूकडे देवघरातही घालून झाले होते.

पाचव्या दिवशी नाथा कागद घेऊन बसला. त्याला अर्जच लिहिता यायचा, म्हणून त्याने हरकतही अर्जाच्याच पद्धतीने लिहिली. ‘विषय : माझ्या अर्जास माझी हरकत.’ खाली लिहिलं की सदर भूखंड रिकामा नाही, तो फक्त एक दिवस रिकामा होता. सही केली. आवक खिडकीवरच्या बाईने शिक्का मारला. तिने वाचलं नाही.

धर्माला त्याने हे सांगितलं नाही. तीन वेळा सांगायला म्हणून गेला. तिन्ही वेळा धर्मा खोलीबद्दल बोलत होता. खिडकीला गज नकोत. पलंग भिंतीला लावायचा नाही. नाथा ‘बरं’ म्हणून परत आला.

सुनावणी शिमग्याच्या पाच दिवस आधी ठरली. धर्मा इस्त्रीचा शर्ट घालून बस-स्टॉपवर त्याच्याआधी येऊन उभा होता. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“तू कशाला येतोयस?” नाथा म्हणाला. “कमर दुखेल.”

“माझ्या खोलीचं हाय,” धर्मा म्हणाला. “तू बारा सांगून दहावर येशील.”

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. डोक्याला सुनावणी घेणाऱ्या रुचिता मॅडम, त्यांच्या शेजारी कारकून, आणि फाइल घेऊन यतीन. टेबलाच्या डाव्या बाजूला अर्जदाराची खुर्ची, उजव्या बाजूला हरकतदाराची. मागे बाक. धर्मा बाकावर बसला, पेढे मांडीवर.

“अर्जदार, नाथा तांडेल,” कारकुनाने पुकारलं.

“हजर.” नाथा डाव्या खुर्चीवर बसला.

“हरकतदार क्रमांक एक.” कारकुनाने कागद डोळ्यांजवळ नेला. “नाथा तांडेल.”

“हजर.”

मॅडमनी मान वर केली. “भाऊ आहेत का तुमचे?”

“नाही. मीच.”

“काका, असं नाही करता येत.”

“नियमात तसं लिहिलंय का, मॅडम?”

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. तीन पानं पुढे गेल्या, दोन मागे आल्या. कोणाही नागरिकास हरकत घेता येईल, असं लिहिलं होतं. अर्जदार सोडून, असं लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सुचलं नसावं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “अर्जदार म्हणून बोला.”

मागच्या बाकावर काठी सरकल्याचा आवाज आला. नाथाने वळून पाहिलं नाही.

“मॅडम, गावात साठीच्या वर दीडशे माणसं आहेत,” तो म्हणाला. “पोरं मीरा रोडला, वसईला, लांब गेली. त्यांचा दोष नाही, नोकरी जिथे तिथे माणूस. आमचा एक सोबती आहे. दिवाळीत सकाळी सातला मोरीत पडला. रेडिओ चालू होता. शेजारी म्हणाले, गाणी लागलीत, म्हणजे मजेत आहे. मी स्वतः दोनदा त्याच्या दारावरून गेलो. मलाही गाणी ऐकू आली. मला वाटलं, आज गडी खुशीत आहे, कशाला त्रास द्या. दुपारी एकला शेवंती कालवण द्यायला गेली तेव्हा कळलं. त्याने हाका मारल्या होत्या, पण रेडिओ मोठा होता. तो बंद करायला त्याला उठता येत नव्हतं. म्हणून अशी जागा पाहिजे, जिथे एक माणूस दिसला नाही तर दुसऱ्याला लगेच कळेल. अर्जदाराचं एवढंच म्हणणं आहे.”

कारकुनाने लिहून घेतलं. “आता हरकतदार,” मॅडम म्हणाल्या.

नाथा तिथूनच बोलायला लागला, तर कारकून म्हणाला, “काका, त्या बाजूला. इतिवृत्तात डावीकडचं-उजवीकडचं वेगळं लिहावं लागतं.”

नाथा उठला. गुडघा धरून टेबलाला वळसा घातला. उजव्या खुर्चीवर बसला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाला, “हे जे आत्ता बोलले ते खरं आहे. पण जागा चुकली.”

“पंचनाम्यात भूखंड रिकामा आहे,” मॅडम म्हणाल्या. “फोटो आहेत. खाली तुमची सही आहे.”

“त्या दिवशी रिकामाच होता.”

“का?”

“तुमचे साहेब येणार होते म्हणून.”

मॅडमनी यतीनकडे पाहिलं. यतीनने फाइलकडे पाहिलं.

“पाहुण्याला वास नको म्हणून बायकांनी दोन दिवस खपून खळं आवरलं, मॅडम,” नाथा म्हणाला. “एरवी तिथे चाळीस बायका बोंबील वाळवतात. माझ्या आईच्या आधीपासून. चाळिसातल्या एकोणीस साठीच्या वर आहेत.”

“म्हणजे ज्येष्ठ नागरिकच.”

“हो.”

“म्हणजे ज्येष्ठ नागरिक निवासाला ज्येष्ठ नागरिकांची हरकत.”

“त्यांनी घेतली नाही. त्या म्हणाल्या, बांधा. त्या घरात वाळवतायत.” नाथाने टेबलावर हात ठेवला. “त्यातली एक जरी सकाळी खळ्यावर दिसली नाही ना, मॅडम, तर सव्वासातला दुसरी तिच्या दारात असते. ते मोडून मला खोल्या नकोत.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काका, तुमच्या सांगण्यावर पंचनामा कसा खोडू? रोजचा वापर आहे याला पुरावा काय?”

नाथाकडे पुरावा नव्हता. खळ्याचा कागद कधी कोणी केलाच नव्हता. मग यतीन खाकरला.

“मॅडम, त्या दिवशी मी तासभर बसलो होतो तिथे,” तो म्हणाला. “जमीन सारवलेली होती, तरी घरी गेल्यावर आई म्हणाली, बाजारातून आलास का? पँट तीनदा धुतली. अजून घालत नाही.”

“वास कसला?”

“सुक्या बोंबलाचा. आम्ही चिपळूणचे, मॅडम. ओळखतो.”

मॅडमनी कारकुनाला सांगितलं आणि कारकुनाने लिहिलं : सदर भूखंड धुऊन व सारवूनही त्यास सुक्या मासळीचा वास येत असल्याचे पाहणी अधिकाऱ्यांनी मान्य केले, सबब तेथे दीर्घकाळ मासळी वाळवण्याचा वापर असल्याचे दिसून येते. प्रस्ताव या भूखंडापुरता रद्द. पर्यायी भूखंडाचा शोध घ्यावा.

“हरकतदारांना मान्य?” मॅडमनी विचारलं.

“मान्य.”

“अर्जदारांना?”

नाथा पुन्हा उठला. कारकून म्हणाला, असू दे काका, इथूनच सांगा. पण नाथाने वळसा पूर्ण केला, डाव्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “नाही.”

तेही लिहून घेतलं.

“पर्यायी जागेला किती दिवस लागतील, मॅडम?”

“प्रयत्न करू,” मॅडम म्हणाल्या. त्या भल्या बाई होत्या. त्यांनी खोटा आकडा सांगितला नाही.

धर्मा उठला. काठी टेकत टेबलाशी आला आणि पेढ्यांचा बॉक्स मॅडमपुढे ठेवला. “आणलेच हायेत तर वाटा,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

उत्तनच्या बसमध्ये नाथाच्या शेजारची जागा रिकामी होती. धर्मा पुढे जाऊन एका अनोळखी बाईशेजारी बसला. तारोडीला उतरल्यावर मात्र तो थांबला.

“नाथ्या, माझ्या बाजूनं तू चांगला बोललास,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाजूनं जास्त चांगला बोललास.”

“सांगणार होतो मी तुला.”

“कवा? गृहप्रवेशाला?”

धर्मा उत्तर ऐकायला थांबला नाही.

शिमगा झाला. होळीभोवती बायका नाचल्या, बोंबील सुनावणीच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खळ्यावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेश टेम्पो घेऊन आला. नाथा न बोलावता गेला आणि पलंगाचं एक टोक उचललं. दुसरं टोक अल्पेशने धरलं. धर्मा पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि समोर बघत राहिला. टेम्पो हलला तेव्हा शेवंतीने खिडकीतून सुक्या जवळ्याची पिशवी आत टाकली. धर्माने पिशवी मांडीवर घेतली.

नंतर नाथा रोज खळ्यावर बसू लागला. करायला काही नव्हतं. शेवंती म्हणायची, सावली अडवताय, तिकडे सरका. तो सरकायचा. अल्पेशला फोन केला की तो म्हणायचा, “बाबा ठीक आहेत. बोलत नाहीत.” म्हणजे ठीक नाहीत.

अकराव्या दिवशी नऊच्या बसमधून धर्मा उतरला. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, काठी, हातात जेवणाचा डबा. तो सरळ खळ्यावर आला, सुलूने पुढे केलेल्या पाटावर बसला, आणि नाथा तिथे नाहीच अशा चेहऱ्याने बोंबलांकडे बघत राहिला.

“ह्या दोरीला मधी झोळ आलाय,” तो शेवंतीला म्हणाला. “कोणी बांदली?”

“तुमच्या मित्रानं,” शेवंती म्हणाली.

“दिसतंय.”

तासाभराने नाथा जरा जवळ सरकला. “कसा आलास?”

“बसनं. भाईंदरला बदलून.”

“अल्पेशला ठाऊक आहे?”

“त्यानंच पास काडून दिला. म्हनाला, दिवसभर भिंतीकडं बगत बसन्यापरीस जा. कंडक्टरचा नंबर बी घेतलाय त्यानं. मी चढलो का इचारतो, उतरलो का इचारतो.” धर्माने खिशातून पास काढून दाखवला. त्यावर त्याचा फोटो होता, रागावलेला.

“किती दिवस लागले मंजुरीला?”

“कसली मंजुरी? खिडकीतल्या पोरीनं फोटू बगितला, माझ्याकडं बगितलं, शिक्का मारला.”

“हरकत कोणी घेतली नाही?”

“मागच्या माणसानं घेतली. म्हनाला, आजोबा, लवकर आटपा.”

नाथाने पास हातात घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि परत दिला. शिक्का अगदी स्वच्छ उमटला होता.

आता हे रोजचंच झालं. नऊच्या बसने धर्मा यायचा, पाटावर बसून कावळे हाकलायचा, बायकांच्या दोऱ्यांना नावं ठेवायचा, एक वाजता डबा खायचा, आणि साडेपाचच्या बसने मीरा रोडला जायचा. एके दिवशी नऊच्या बसला तो आला नाही, तर सव्वानऊला शेवंतीने नाथाकडून अल्पेशला फोन लावून घेतला. बस भाईंदरला पंक्चर झाली होती. धर्मा दहाला उतरला तेव्हा चाळीस बायका रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. “काय बगताय?” तो म्हणाला. “कवा माणूस बगितला न्हाय?”

आयुष्यभर भरती-ओहोटी बघून घराबाहेर पडलेला माणूस आता घड्याळ लावू लागला होता. डब्यात हिना, म्हणजे सून, दोन पोळ्या जास्त घालायची, कारण परत येताना डब्यात खळ्यावरची सुकी मासळी असायचीच.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी नाथा त्याला स्टॉपपर्यंत सोडायला गेला.

“उद्या मी येणार न्हाय,” धर्मा म्हणाला.

“का?”

“रविवार.”

“बोंबलाला कसला रविवार?”

“बोंबलाला नसल,” धर्मा म्हणाला. “मना हाय. सहा दिवस यायचं-जायचं करतो, मग एक दिवस सुट्टी लागते माणसाला. अल्पेश बी घेतो.” तो बसमध्ये चढला आणि खिडकीजवळ बसला, पाय लांब करून, कामावरून सुटलेल्या माणसासारखा.

रविवारी सकाळी नऊच्या बसमधून धर्मा उतरला. मीरा रोडला रविवारी करायचं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.